राइट व्हेल आणि जहाजांचा आवाज

'समुद्र एवढा मोठा, व्हेलना जहाजांच्या आवाजाची सवय होतच असेल' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. या आवाजाचा व्हेलना ताण होतो, याचा कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पुरावाच मिळाला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर तिथली जहाजवाहतूक काही दिवस मंदावली आणि पाण्यातला आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला. त्याच काळात संशोधक उत्तर अटलांटिक राइट व्हेल या जातीच्या व्हेलची तरंगती विष्ठा गोळा करत होते. तिच्यातली ताणाची संप्रेरकं त्या दिवसांत चक्क कमी भरली. रोझलिंड रोलंड आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला.

गोची अशी की या व्हेल एकमेकींना साद घालतात ती खालच्या पट्टीत, आणि मोठ्या जहाजांची घरघरही त्याच पट्टीत. जहाजाला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात, बराचसा आवाज त्यांचाच. म्हणून वेग उतरवला की बहुतेक जहाजांचा आवाज लगेच घटतो, धडकेचा धोकाही. या व्हेल आता जेमतेम चारशेच्या आसपास उरल्यात. त्यांच्या वाटेवर वेगमर्यादा सक्तीचीच हवी, ऐच्छिक नको.