गिरणीच्या आवारातली तुमची रात्र : अनुभव सांगा

डिलाईलरोडवाला

डिलाईल रोडवर वाढलेल्या माणसाला "चल, आज मथुरादासमध्ये बसू" हे वाक्य पचायला वेळ लागतो. आमच्या लहानपणी मथुरादास काय, कमला काय, फिनिक्स काय, फाटकातून आत जायचं तर कामगाराचं तिकीट लागायचं. पोरांनी बाहेर उभं राहून भोंगा ऐकायचा, एवढाच संबंध.

मी पहिल्यांदा आत गेलो २००८ च्या पावसाळ्यात, मथुरादास मिलच्या आवारातल्या ब्लू फ्रॉग या गाण्याच्या क्लबमध्ये. आदल्या वर्षाच्या शेवटी ते सुरू झालं होतं. आवारात गुडघाभर नाही, पण घोटाभर पाणी. एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला लोखंडाचं काहीतरी कापत होते, त्याच्या ठिणग्या. वाटलं, पत्ता चुकला. मग एक दार उघडलं आणि आत वाडग्यासारखी खोलगट जागा. गोल गोल कप्पे, प्रत्येक वेगळ्या उंचीवर, कडांतून उजेड झिरपतोय आणि त्यांत माणसं इडलीपात्रात बसवल्यासारखी. कुठूनही स्टेज दिसत होतं. ती जागा काढणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार होते. ही आडनावं ऐकून बाबांना वाटलं होतं की आत नाट्यसंगीताचा कार्यक्रम असणार.

२०१६ मध्ये ते बंद झालं. परवा त्या गल्लीतून गेलो आणि कुणाकुणाबरोबर तिथे होतो ते आठवायला लागलो, म्हणून हा धागा. जुन्या गिरणीच्या शेडमधली, आवारातली कुठलीही जागा चालेल. गिरणी पाडून उभ्या केलेल्या काचेच्या टॉवरमधल्या पार्ट्या नकोत. काय ऐकलंत, घरी कसे पोचलात, दारातून परत पाठवलं असेल तर तेही लिहा. बाबांचा एक किस्सा आहे, तो नंतर सांगतो.

शेवटची_कर्जत

मी बदलापूरचा. माझं सगळं संगीतशिक्षण रेल्वेच्या वेळापत्रकाने केलेलं आहे. मुख्य बँड साडेदहाच्या आत स्टेजवर येत नाही. शेवटची कर्जत लोकल करी रोडला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात. मथुरादासच्या फाटकापासून करी रोड स्टेशन, पावसात, पळत, म्हणजे घड्याळात बारा वाजायच्या आधीच मी बूट घट्ट करायला लागायचो. तिथे मी वीस-पंचवीस कार्यक्रम पाहिले असतील. शेवटचं गाणं एकाचंही ऐकलं नाही. "वन्स मोअर" झाल्यावर काय होतं हे मला मित्रांकडूनच कळायचं.

एकदाच हट्टाने राहिलो, रघू दीक्षितच्या वेळी. लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून तो माणूस कन्नडमध्ये गात होता आणि ज्यांना कन्नडचा क कळत नव्हता ते सगळे सोबत गात होते. संपल्यावर खिशात टॅक्सीपुरते पैसे नव्हते, म्हणून तुळशी पाईप रोडने चालत दादरला निघालो. पोचलो तेव्हा फुलबाजार उघडत होता. भिजलेला झेंडू, हमालांच्या आरोळ्या, कटिंग चहा. दोन तासांपूर्वी एका ग्लासाचे जेवढे दिले होते तेवढ्यात तिथे तीन-चार किलो झेंडू आला असता. पहिली लोकल पकडून सकाळी घरी. आईने विचारलं, "रात्रपाळी होती का?" मी हो म्हणालो.

पायताण

माझा अनुभव आतला नाही, बाहेरचा आहे. जागेचं नाव लिहीत नाही, आता चालकही बदललेत म्हणतात. ऑफिसातल्या आठ जणांबरोबर गेलो होतो. पायात कोल्हापुरी, अस्सल, कापशी, करकर वाजणारी. दारावरचा माणूस म्हणाला, "सर, चप्पल अलाउड नाही." मी म्हटलं, ही चप्पल तुझ्या बुटाच्या दुप्पट किमतीची आहे. तो हसला, पण सोडलं नाही. त्याचीही नोकरी. गावाकडचा निघाला तो, गडहिंग्लजचा. म्हणाला, "मला समजतंय हो, पण आत कॅमेरा आहे."

आमचे आजोबा शिरोळ तालुक्यातून याच परळला आले होते, गिरणीत. अनवाणी. तेव्हा कुणी अडवलं नाही.

सहकारी आत गेले. मी बाहेर पावभाजी खाल्ली आणि तासभर त्या गडहिंग्लजकराशी गप्पा मारल्या. भिंतीतून नुसता बेस ऐकू येत होता, धप धप धप. तो म्हणाला, रोज घरी गेल्यावर उशीला कान लावला तरी हेच ऐकू येतं.

तबलजी_मागच्या_रांगेतला

स्टेजवरून लिहितो. आमचं फ्युजन. म्हणजे गिटारवाल्याला पैसे, तबल्याला मान. २०११ ते २०१५ मध्ये त्या आवारात पाच-सहा वेळा वाजवलं.

प्रेक्षकांना माहीत नसतं, पण तबल्याला अशा जागा म्हणजे परीक्षा. एसी गारढोण. साउंडचेकला सुरात लावलेला दायाँ रात्री दहाला, आत चारशे माणसं श्वास घेत असताना, भलत्याच सुरात निघतो. मी हातोडी खिशातच ठेवायचो. गंमत अशी की गिरणीतही हवेचं हेच दुखणं असायचं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमट ठेवायचे. हे मला फाटकावरच्या वॉचमन काकांनी सांगितलं, पूर्वी ते दुसऱ्या कुठल्याशा मिलमध्ये होते. टेम्पोतून सामान उतरवताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "कुठलं खातं?" मी म्हटलं, तबला. ते म्हणाले, "मग साळखात्यात जा, तिकडेच आवाज जास्त." साळखातं म्हणजे कापड विणायचं खातं.

ब्लू फ्रॉगचा आवाज मात्र चोख. मॉनिटरमध्ये माझा बायाँ मला ऐकू यायचा. तबलजींना हे वाक्य किती मोठं आहे ते कळेल.

लालबागचा_जुना

तुमचं चालू द्या. फक्त एवढं लक्षात असू द्या की ज्या शेडमध्ये तुम्ही नाचलात ती "सुंदर जुनी वास्तू" म्हणून वाचलेली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. तो संप अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन हिस्से ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली. उभी शेड हिशेबात नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. म्हणजे शेडखालची जमीन मालकाकडेच राहिली. तिच्यावर काय काय आलं, ते समजून घ्या.

माझा अनुभव विचारलात तर एकदा गेलो, पुतण्याच्या वाढदिवसाला. भिंतीची वीट उघडी ठेवून तिच्यावर दिवे सोडलेले. वर बिडाचे खांब, त्यांना छान काळा रंग. वेटरने विचारलं, "सर, फर्स्ट टाइम?" मी काय सांगणार. बियर चांगली थंड होती, हे कबूल करतो.

डिलाईलरोडवाला

@लालबागचा_जुना, धागा सुरू करताना हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी लिहिलं असतं तर गोड करून लिहिलं असतं.

न्यूजरूमची_रात्र

मी कमला मिलच्या आवारात एका वाहिनीत कामाला होते. बाहेरच्यांसाठी ते पार्टीचं ठिकाण. आमच्यासाठी कँटीन बंद झाल्यावर रात्री महागडं सँडविच मिळण्याचं ठिकाण. गुरुवारी-शुक्रवारी रात्री लिफ्टमध्ये अर्धे लोक सेंट लावलेले आणि अर्धे आमच्यासारखे, गळ्यात पट्टा, डोळे लाल.

२९ डिसेंबर २०१७. साडेबाराच्या सुमाराला गच्चीवरच्या रेस्तराँला आग लागली. आम्ही आगीच्या बातम्या रोज चालवतो, पण खिडकीतून दिसणारी आग पहिलीच. चौदा जण गेले. बरेच स्वच्छतागृहात, धुराने. त्या रात्री मी टिकर, म्हणजे पडद्याखाली सरकणारी बातम्यांची पट्टी, लिहीत होते आणि "लोअर परळ" लिहिताना हात थांबत होता, कारण आमच्यासाठी ते नुसतं लोअर परळ नव्हतं, पलीकडची इमारत होती. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीची मैत्रीण तिथे जेवायला गेली होती. ती सुखरूप बाहेर आली, पण हे कळायला पहाटेचे चार वाजले.

नंतर मी गाणं ऐकायला जायचं सोडलं नाही. पण आत शिरल्यावर आधी मागचं दार कुठे आहे ते पाहते आणि त्या दाराशी खोके, खुर्च्या रचलेल्या असतील तर बसत नाही. मित्रमैत्रिणी हसतात. दोन वेळा पैसे भरलेले असूनही परत फिरले आहे.

शेवटची_कर्जत

वरचं वाचून काही सुचत नाही. मी कधी मागचं दार पाहिलं नव्हतं, फक्त पुढचं, ट्रेनसाठी.

थोडं वेगळं: २०२० च्या जानेवारीत सरकारने मिल कंपाउंडमधली हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली होती, आठवतं? दारू दीडपर्यंतच, पण खाणं रात्रभर. मी त्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम गेलो. पहाटे तीनला लोअर परळमध्ये आम्ही सहा माणसं आणि अकरा वेटर. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली आणि सगळंच मिटलं.

डिलाईलरोडवाला

बाबांचा किस्सा.

ते साळखात्यात २२ वर्षं होते. मथुरादासमध्ये नाही, दोन भिंती पलीकडच्या मिलमध्ये. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. संपानंतर बोलावणं आलं नाही. मग सोसायटीत लिफ्टमन. कान जवळजवळ गेलेले. घरी टीव्हीचा आवाज एवढा की खालच्या मजल्यावरून बातम्या ऐकू याव्यात.

२०१४ मध्ये माझी मुलगी म्हणाली, आजोबांना घेऊन जाऊ. बाबा तेव्हा ७२. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेरिकॉटची पँट, खिशात रुमाल. माझ्या पोटात गोळा, की आता हे काहीतरी बोलणार किंवा, त्याहून वाईट, काहीच बोलणार नाहीत. त्यांनी आधी वर पाहिलं, छपराकडे. मग भिंतीला तळहात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हादरत नाही." खात्यात शंभर-दीडशे साचे एकदम चालायचे तेव्हा भिंत हातात यायची, म्हणे.

बँड सुरू झाला. आम्ही एकमेकांच्या कानात ओरडतोय, काय मागवायचं, काय नको. बाबा शांत. मग त्यांनी मुलीकडे पाहून हाताने काहीतरी केलं आणि ती चक्क पाणी घेऊन आली. तिला वाटलं अंदाजाने जमलं. थोड्या वेळाने मला कोपर मारून शेजारच्या कप्प्याकडे मान वळवली. तिथे दोन मुलगे एकमेकांकडे वाकून बोलत होते, एक शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, "त्या निळ्या शर्टाला कामावरून कमी केलंय. ती पोरगी परत आली की तिला सांगू नको म्हणतोय."

साळखात्यात बोलून ऐकू यायचंच नाही. सगळे ओठ वाचायचे, हातांनी बोलायचे. बावीस वर्षं. त्या अख्ख्या हॉलमध्ये नीट ऐकू येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे आमचा बहिरा म्हातारा.

ती मुलगी परत आली. बाबांनी मान फिरवली आणि शेवटपर्यंत तिकडे पाहिलं नाही.

सॅल्फर्डची_सून

लग्नानंतर मँचेस्टरला आले, शेजारच्या सॅल्फर्डमध्ये राहते. इथे इस्लिंग्टन मिल म्हणून १८२३ ची सूतगिरणी आहे. आता कलाकारांचे स्टुडिओ आणि खाली गाण्याचे कार्यक्रम. मी तिथे एकदाच गेले. बँडचं नाव आठवत नाही, आवाज आवडला नाही, वीट आवडली. ओल्डहॅम इथून जवळच. मुंबईच्या गिरण्यांतली किती तरी यंत्रं तिथल्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातून गेलेली, त्यामुळे मला उगाच माहेरच्या बाजूचं वाटतं.

पण लिहितेय ते डिलाईलरोडवाला यांच्या बाबांसाठी. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही असंच बोलायच्या, तोंड मोठं करून, आवाज न काढता, हातवाऱ्यांसकट. त्याला इथे "मी-मॉइंग" म्हणतात. माझ्या शेजारणीची आजी साळखात्यात होती. शेजारीण सांगते, आजीसमोर चर्चमध्ये कुणाला कुजबुजता यायचं नाही, तिला पलीकडच्या बाकावरचं सगळं कळायचं. तुमचे बाबा आणि ती आजी समोरासमोर बसले असते तर भाषा आडवी आली असती, बहुतेक थोडीच.

तबलजी_मागच्या_रांगेतला

स्टेजवर आम्हालाही खुणाच करायला लागतात. समेवर ये, सोलो वाढव, थांब. सगळे आपापल्या घरच्या, कुणाच्या कुणाला कळत नाहीत. @डिलाईलरोडवाला, बाबांची एखादी खूण आठवते का? "थांब"ची असेल तर फार बरं. आमचा ड्रमर डोळे मिटून वाजवतो, पण प्रयत्न करता येईल.

डिलाईलरोडवाला

बाबा २०१९ मध्ये गेले. आत्ता आईला विचारलं. "थांब"ची तिला आठवत नाही. एक आठवते, सूत तुटल्याची: उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडायची आणि मनगट खाली सोडायचं. घरी लाइट गेले की तीच करायचे, म्हणाली. अंधारात कोण बघणार, तरी करायचे.