२०१२ ची डिझेल स्विफ्ट: ॲव्हरेज पडलंय आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग सरकतो

गंगापूररोडकर (प्रश्न)

गाडी २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय, १२४८ सीसी डिझेल, रनिंग १ लाख ६४ हजार. एबीएस नाही. पूर्वी शहरात १६ आणि मुंबई रोडला २१ मिळायचं, ते आता १३ आणि १७ वर आलंय. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर दर १० हजारांना बदललेलं आहे. चढाला जोर दिला की थोडा काळा धूर दिसतो.

टायर: पुढे वर्षभरापूर्वी टाकलेले १८५/७० आर १४ (पहिला आकडा रुंदी, मिमीमध्ये), मागे जुनेच १६५/८० आर १४. ॲव्हरेजसाठी चारही चाकांत ३८ पीएसआय हवा ठेवतोय. पाऊस असला की कसारा घाटात आणि त्र्यंबक रोडच्या वळणांवर मागचा भाग बाहेर सरकल्यासारखा वाटतो, पुढची बाजू घट्ट असते.

गॅरेजमधून चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलायचा सल्ला मिळालाय. खर्च बराच आहे. आधी काय तपासावं? आणि टायर कोणते घ्यावेत, ज्यात ॲव्हरेजही सांभाळलं जाईल?

टायरवाचक

भाऊ, ॲव्हरेजचं नंतर बघू. आधी मागचं बघा, कारण आत्ताची जुळणी धोक्याची आहे.

मागच्या टायरच्या कडेवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २२१६ असेल तर २०१६ च्या २२ व्या आठवड्यातला टायर. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडी जॅकवर घेऊन आतल्या बाजूने टॉर्च मारा. नक्षी शिल्लक दिसली म्हणून टायर चांगला, असं धरू नका. नाशिकच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होत जातं. नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत अंगठ्याचं नख दाबा. नवीन टायरमध्ये नख थोडं रुततं, जुन्यात पाटीवर दाबल्यासारखं लागतं. खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो टायर बदलायचाच. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे आणि दहाच्या पुढे कितीही नक्षी असली तरी ठेवायचे नाहीत.

आता तुमच्या गाडीत काय होतंय ते. पुढे नवीन, रुंद, मऊ रबर. मागे जुनं, अरुंद, कडक रबर. ओल्या वळणावर पुढची चाकं पकड धरतात आणि मागची आधी सोडतात. त्यात ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं आणखी हलकं होतं आणि गाडी फिरते. पुढचं चाक सरकलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागचं सरकलं तर सावरायला उलटं स्टिअरिंग अचूक द्यावं लागतं, आणि घाटात तेवढी जागाच नसते. म्हणून नवीन जोडी मागेच टाका.

३८ पीएसआयने यात भरच पडते. हवा जास्त असली की टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला मधली पट्टीच टेकते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. दोन माणसं आणि भरलेली गाडी यांचे आकडे वेगळे दिलेत, तेच धरा. गाडी रात्रभर उभी असताना मोजायचं. पंपापर्यंत पाच-सहा किमी गाडी चालवली की वाचन दोन-तीन पीएसआयने वर जातं. खिशातला गेज घेऊन ठेवा, पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत.

थंडीत विशेष लक्ष द्या. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी चार-पाच पीएसआयने कमी भरते, टायर पंक्चर नसतानाही. निफाडकडच्या थंडीत तर नक्कीच.

पान्हा१०

टायरवाचकांनी पकडीचं सांगितलं, मी ॲव्हरेजचं सांगतो. चार इंजेक्टर एकदम बदलायला सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय. हा क्रम धरा, स्वस्तापासून महागापर्यंत.

पहिलं, मोजमाप नीट करा. एकाच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा. चारशे किमीच्या आसपास चालवून परत तिथेच, तसंच भरा. ४१२ किमीला २४.६ लिटर लागलं तर १६.७५. एका टाकीवर निर्णय घेऊ नका, तीन टाक्यांची सरासरी काढा. शोरूमच्या जाहिरातीतला २२.९ हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, त्याच्याशी तुलना नको. तुमची तुलना तुमच्याच जुन्या १६ आणि २१ शी.

दुसरं, ब्रेक अडकतोय का बघा. जुन्या गाडीचं ॲव्हरेज खाणारी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. आडगावच्या पुढे हायवेवर १५ किमी शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, अलगद थांबा, आणि चारही चाकांच्या मधोमध तळहाताची मागची बाजू जवळ न्या. चिकटवू नका, भाजतं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. पुढे असेल तर बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात: काढून, घासून, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावून बसवायच्या, साधं ग्रीस रबरी बूट फुगवतं. मागे असेल तर हँडब्रेकची केबल किंवा ड्रमच्या आतले लायनर.

तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप. ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लागणारं छोटं ब्लूटूथ यंत्र घ्या आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. इंजिन गरम झाल्यावर ते ८५ ते ९० अंशांच्या आसपास स्थिर राहायला हवं. हायवेला ८० वेगात ७०-७५ वरच अडकलं, उतारावर आणखी खाली गेलं, तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. इंजिन अजून तापतंय असं समजून ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त डिझेल देत राहतो. रेडिएटर उकळत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

चौथं, काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. टर्बोपासून (हवा दाबून भरणारा भाग) इंटरकूलरला (ती हवा गार करणारा) आणि तिथून इंजिनला जाणारे रबरी पाइप पिळून बघा. जोडावर ओलसर तेलकट डाग आणि त्यावर धूळ बसलेली असेल तर तिथून हवा निसटतेय. भेग अनेकदा पाइपच्या खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. जोर दिला की सुस्कारा ऐकू येतो. मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काढून बघा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये त्यात काजळीचा थर बसतो आणि तो पूर्ण बंद होत नाही. कार्बन क्लीनर मारताना मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका, बसवताना गॅस्केट नवीन. पत्रा लावून ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील, ते करू नका. ते नियमात बसत नाही.

एवढं झाल्यावर इंजेक्टर. बदलायच्या आधी परतीच्या डिझेलची (इंजेक्टरमधून न वापरता परत जाणाऱ्या) चाचणी मागा: चार सारख्या बाटल्या, चार नळ्या, इंजिन गरम, रेसवर नाही, दोन-तीन मिनिटं. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर त्या बाजूने इंजेक्टर ठीक. एकच दुप्पट-तिप्पट भरली तर तेवढाच काढून बेंचवर तपासायचा.

सिन्नरफाटा

मागे नवीन टायर टाकायला सांगताय ते पटत नाही. गाडी पुढच्या चाकांवर चालते, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. चांगले टायर पुढेच हवेत. सगळे टायरवाले हेच करतात.

टायरवाचक

हा समज फार पसरलाय, म्हणून सविस्तर लिहितो. पुढचे टायर लवकर झिजतात, हे खरं. पण झिजणं वेगळं आणि घसरणं वेगळं. पाणी साचलेल्या रस्त्यावर मागची जोडी गुळगुळीत असेल तर ती पाण्यावर आधी तरंगते. पुढचा टायर तरंगला की स्टिअरिंग हलकं पडतं, हाताला कळतं आणि आपण वेग कमी करतो. मागचा तरंगला की हाताला काहीच कळत नाही, थेट गाडीच आडवी होते. म्हणून दोनच टायर घ्यायचे असतील तर नवीन जोडी मागे. झीज सारखी ठेवायला आठ-दहा हजारांना पुढचे मागे करत राहायचं, म्हणजे पुढच्या वेळी चारही एकदम बदलता येतात.

पण इथे प्रश्न फक्त जागेचा नाही, मापं वेगळी आहेत. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिमी, १८५/७० आर १४ चा ६१५. फरक एक टक्क्याच्या आत आहे, म्हणजे किमी मोजण्यात मोठी चूक होत नाही. उलट छोट्या टायरने मीटर किंचित जास्त धावतं, त्यामुळे तुमचं खरं ॲव्हरेज दिसतंय त्याहून थोडं कमीच असेल. १७५/६५ आर १४ मात्र कुणी सुचवला तर घेऊ नका. तो ५८३ मिमीचा, जवळपास ६ टक्के छोटा. गाडीही खाली येते.

रुंद टायरला डिझेल थोडं जास्त लागतं, पण चार किमीचा फरक त्याने पडत नाही. तो पान्हा१० म्हणतात त्या जागांमध्ये शोधा.

गंगापूररोडकर

मोजून आलो. मागच्या दोन्ही टायरवर ३११५. १५ किमीनंतर पुढची चाकं ४१ आणि ४३ अंश, मागचं उजवं ३९, मागचं डावं ७४. कूलंट हायवेला ७३, शहरात थांबल्यावर ८४ पर्यंत चढतं. इंटरकूलरचे पाइप कोरडे आहेत.

पान्हा१०

मग बरंचसं उत्तर मिळालं, इंजेक्टर सध्या राहू द्या.

मागचं डावं: पुढच्या चाकांना उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावा, मागची बाजू जॅक करून खाली स्टँड द्या, हँडब्रेक पूर्ण सोडून चाक हाताने फिरवा. जड लागलं तर हँडब्रेकच्या दांड्याजवळचा केबलचा नट सैल करा. चाक मोकळं झालं तर केबल आत गंजलीय. पावसाळ्यात तिच्या आवरणात पाणी शिरतं. तेल घालून चार दिवस सुटते, परत अडकते, बदलूनच टाका. केबल सैल करूनही जड राहिलं तर ड्रम उतरवा: लायनरच्या टेकण्याच्या जागा घासून साफ करा, स्प्रिंग तपासा, व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ब्रेक ऑइल पाझरलंय का बघा. पाझरलं असेल तर सिलिंडर नवीन. लायनर बदलायचे झाले तर दोन्ही बाजूंचे, नाहीतर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. मागचा भाग सरकण्यात या अडकलेल्या ब्रेकचाही हात आहे, कारण त्या चाकाची काही पकड आधीच ब्रेक खातोय.

थर्मोस्टॅट: या इंजिनात तो हाउसिंगसकट येतो, पूर्ण सुटा भाग घ्या. इंजिन गार असताना उघडा. सील नवीन. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडचं पाणी जड आहे, क्षार बसतात. नंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी परत बघा.

मग ईजीआर साफ, आणि तीन टाक्या मोजा. शहरातली फेरी पाच-सहा किमीचीच असेल तर १५ च्या वर फार जाणार नाही, इंजिन तापायच्या आतच प्रवास संपतो.

टायरवाचक

३११५ म्हणजे २०१५ चे. उद्या बदला, समृद्धीवर तर या टायरांवर जाऊच नका. तिथे १२० ची मर्यादा, काँक्रीट तापलेलं आणि तासनतास एकच वेग, जुन्या रबराला यापेक्षा वाईट काही नाही.

मागे १८५/७० आर १४ घ्या, पुढच्याच बनावटीचे आणि त्याच नक्षीचे, म्हणजे चारही सारखे. नक्षीत पाणी बाहेर काढणाऱ्या लांब सलग खाचा निदान तीन असाव्यात. बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेचे) जास्त तारे म्हणजे कमी डिझेल; ते बघा, पण ओल्या रस्त्यावरच्या पकडीचंही दुकानदाराला विचारा. कायद्याने १.६ मिमीपर्यंत नक्षी चालते, खाचेतला छोटा उंचवटा तेच दाखवतो. इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसासाठी मात्र ३ मिमीलाच टायर संपला असं धरा.

जुळणीनंतर अलाइनमेंट करून घ्या. आता पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) चुकलाय. तो चुकला की टायर रस्त्यावर घासत चालतो आणि डिझेलही खातो. लोअर आर्मचे बुश आधी तपासायला सांगा, ते सैल असतील तर अलाइनमेंट आठ दिवसही टिकत नाही.

सिन्नरफाटा

मागच्या जोडीचं पटलं, आभार. एक भर: कसारा उतरताना न्यूट्रल करू नका. गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की हे इंजिन डिझेल पूर्ण बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी जळत राहतं. तिसरा गियर टाकून उतरा, ब्रेकही गार राहतात. आणि द्राक्षांच्या, कांद्याच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरी, लासलगावकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो. त्यावर थोडा पाऊस झाला की टायर नवीन असला तरी सरकतो, तिथे वळणाच्या आधीच वेग कमी करा.