मदत हवी आहे: तुळजापूरहून सोलापूरला रोज जाणारे कुणी आहे का?

नमस्कार. मला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम मिळालंय. सोमवारी रुजू व्हायचंय. घर तुळजापूरला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे सोलापुरात खोली घेणं सध्या जमणार नाही. म्हणजे रोज सकाळी बालाघाटाचा घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. एका बाजूने साधारण ४५ किलोमीटर.

स्कूटी आहे, पण थंडीत लवकर अंधारतं आणि घाटात ट्रकांच्या मधून चालवायची मला भीती वाटते. म्हणून एसटीच. मासिक पासला २० दिवसांचं भाडं घेतात. पण २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे २६ दिवस गेले तरी १३ दिवसांचंच भाडं होतं. मग रोज तिकीट काढलेलंच बरं ना? चुकत असेन तर सांगा.

नऊला गेटवर पोचायचं तर तुळजापुरातून किती वाजताची गाडी धरावी? तुळजापूर नाक्याला उतरून एमआयडीसीला शेअर रिक्षा मिळते, की स्टँडपर्यंत जावं लागतं?

आणि कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरून जातो, वाहनं दुसरीकडून वळवतात. त्या दिवसांत तुम्ही कामावर कसे जाता? रजा टाकता की आदल्या रात्री सोलापुरात राहता?

संध्याकाळी सहानंतर परतणाऱ्या ताई कुणी असतील तर जरूर कळवा. सोबत असली की घरच्यांचा जीव भांड्यात पडेल.