पायथॉनमध्ये दर मेथडला सेल्फ कशाला? जावात तर लागत नाही

जावावाली: जावा बऱ्यापैकी येतं, आता कामासाठी पायथॉन करतेय. खाते नावाचा क्लास केला, त्यात डेफ जमा(रक्कम) अशी मेथड. बचत हा ऑब्जेक्ट बनवून बचत.जमा(500) केलं तर टाइपएरर, म्हणे 1 आर्ग्युमेंट घेतो आणि तुम्ही 2 दिलीत. अहो दिलंय एकच, दुसरं आलं कुठून? सेल्फ टाकलं की चालतं पण का ते कोणी सांगेल का

रात्रपाळी: दुसरं म्हणजे बचत स्वतःच. बचत.जमा(500) लिहिलं की पायथॉन आतून खाते.जमा(बचत, 500) करतो, सेल्फ टाकून तसं हाताने लिहून बघा, सेम चालेल. डॉटच्या डावीकडचा ऑब्जेक्ट पहिला आत जातो, तो धरायला पॅरामीटर नको का? जावा पण ऑब्जेक्ट आत पाठवतंच, फक्त लपवून, धिस नावाने. बाय द वे सेल्फ हा कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) नाही, पायथॉन 3 मध्ये तिथे देवनागरीत मी लिहिलं तरी चालतं, ऑफिसच्या कोडमध्ये मात्र नका करू 😄

जावावाली: अच्छा! मग मेथडच्या आत सेल्फ.शिल्लक न लिहिता नुसतं शिल्लक += रक्कम का नाही चालत?

रात्रपाळी: कारण फंक्शनमध्ये एखाद्या नावाला असाइन केलं की पायथॉन ते लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतंच, धरतो, विषय संपला, मग त्यात आधी व्हॅल्यूच नाही म्हणून अनबाउंडलोकलएरर. जावात फील्ड (ऑब्जेक्टचं स्वतःचं व्हेरिएबल) आधीच डिक्लेअर असतं म्हणून कंपायलरला सापडतं. पण तिथे कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडच्या) पॅरामीटरचं नाव पण शिल्लक ठेवा आणि धिस विसरा, पॅरामीटर स्वतःलाच असाइन होतो, एरर नाही काही नाही आणि फील्ड आपलं 0 वर बसून. त्यापेक्षा पायथॉन तोंडावर ओरडतो ते बरं. सेल्फ काढा ही मागणी जुनीच आहे, पायथॉनचा जनक गिडो व्हॅन रॉसमने 2008 मध्ये ब्लॉग लिहून नाही म्हटलंय.

फ्रंटएंडी: नशीब समजा जावास्क्रिप्टला नाही गेलात. तिथे क्लासमधली मेथड नुसती व्हेरिएबलमध्ये घेऊन कॉल केली की धिस अनडिफाइंड, कारण धिस कोण हे कॉल कसा केला त्यावर ठरतं. म्हणून बटणाला मेथड देताना बाइंड करा, म्हणजे ऑब्जेक्ट तिला बांधून द्या, नाहीतर अॅरो फंक्शनमध्ये गुंडाळा.

रात्रपाळी: हो, पायथॉनात च = बचत.जमा करून च(500) केलं तरी पैसे बचतमध्येच जातात, मेथड ऑब्जेक्टला सोबत घेऊनच फिरते.