मदत हवी आहे: ‘पटत नसेल तर परत जा’ याला उत्तर काय द्यावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला शिकणारी माझी भाची वादविवाद स्पर्धेत ‘स्थलांतरितांनी नव्या देशावर टीका करावी का’ या विषयावर अनुकूल बाजूनं बोलणार आहे. जुलै २०१९ मध्ये ट्रम्प यांनी चार महिला खासदारांना ‘परत जा’ म्हटलं, तो प्रसंग घेतलाय. त्यातल्या तिघी जन्मानंच अमेरिकन; फक्त इल्हान ओमर सोमालियात जन्मलेल्या, २००० पासून नागरिक. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू हॉर्नसी यांचं संशोधनही आहे. तीच टीका आपल्यातल्यानं केली तर लोक ऐकून घेतात, बाहेरच्यानं केली की चिडतात.

अडलंय ते पुढं. सरावात समोरचा मुलगा म्हणाला, “बेळगावात आपल्यालाबी हेच ऐकवतात की!” आणि ती गप्पच झाली. मला ही तुलनाच चुकीची वाटते. आपण कुठून आलेलो नाही. १९५६ साली राज्य बदललं, घरं होती तिथंच राहिली. पण हे समजावण्यातच तिची पाच मिनिटं संपतील. परीक्षकांत कन्नड शिक्षकही आहेत, त्यांना दुखवायचं नाही.

तर, स्थलांतरितानं केलेली टीका तिथल्या लोकांनी आधी झिडकारली आणि नंतर मान्य केली, असं भारताबाहेरचं, दोन वाक्यांत सांगता येईल असं पक्कं उदाहरण कुणाला माहीत आहे का?