अनुभव धागा: ठाण्यातली तुमची शाळा आणि तिचे ‘नामवंत’

स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या शाळेत जिन्यातला माजी विद्यार्थ्यांचा फळा ओल्या फडक्याने पुसतात. त्यावर सहा नावं. त्यातले एक गृहस्थ शाळेत जेमतेम दीड वर्ष होते, वडिलांच्या बदलीमुळे आले आणि बदलीमुळेच गेले! ठाणे-नवी मुंबईत शिकलेल्यांनी लिहा. शाळेला नाव कुणाचं, फळ्यावर कोण, आणि त्यांना तुम्ही स्वतः पाहिलंय का. ऐकीव शक्यतो नको.

टेंभीनाकेकर: आमचे आजोबा बी. जे. हायस्कूलचे. बी. जे. म्हणजे बैरामजी जीजीभॉय, दानशूर पारशी. पुण्याच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव. आजोबा कचेरीत कारकून, पण मुरबाडकडे गावी गेले की ‘आम्ही बीजेचे’ म्हणायचे. झालं, माणसं जीभ बाहेर काढून पुढ्यात उभी! खुलासा त्यांनी कधीच केला नाही. सुंठ-मध मात्र द्यायचे.

पंचाहत्तरची बॅच: आमच्यातून नामवंत कुणी निघालं नाही, पण इतिहासात आम्ही आहोतच. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली एसएससी एकाच वर्षी झाली. ताई अकरावीला, मी दहावीला. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत अभ्यासाला दिवा एकच. तिची पुस्तकं मला वापरता येतील म्हणून आईने वर्षभर आधीच जपून कव्हरं घातली होती, आणि अभ्यासक्रमच बदलला. ती कव्हरं शेवटी माझ्या वह्यांना चढली.

कोपरी पूर्व: ३० जून २०२२ ला आईचा फोन, “टीव्ही लाव, आपल्या मंगलातला मुलगा मुख्यमंत्री झालाय!” एकनाथ शिंदे मंगला हायस्कूलमध्ये अकरावीपर्यंत शिकले. मग शिक्षण सुटलं, रिक्षा चालवली, बी.ए. केलं ते मुक्त विद्यापीठातून, मंत्री असताना. दुसऱ्या दिवसापासून कोपरीत त्यांच्या बाकावर बसलेले इतके जण निघाले, की तो बाक लोकलच्या डब्याएवढा असणार. मी बरीच नंतरची, पाहिलेलं नाही. धाग्याचा नियम मोडला, माफी.

वाशी सेक्टर: आम्हाला कसला इतिहास! सिडको १९७० ची, महानगरपालिका १९९२ ची. आमची शाळा माझ्या थोरल्या भावापेक्षा लहान. रेल्वेही १९९२ लाच आली. तोवर मास्तर मुंबईहून बसने खाडीपूल ओलांडून यायचे. बस अडकली की पहिला तास गाण्याच्या भेंड्या. गणितात मी कच्चा का, ते आता कळलं असेल.

निवृत्त हेडक्लार्क: शाळेचं नाव सांगत नाही. खरा फळा जनरल रजिस्टर. एक विद्यार्थी पुढे नावारूपाला आला तेव्हा लोक त्याची नोंद बघायला येऊ लागले. ते पान हाताळून हाताळून सुटलं, मी खळ लावून चिकटवलं. त्यात काय, तर जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडण्याचं कारण. वर्तणूक: चांगली. एक पत्रकार खूश झाले, म्हणाले हे छापतो. मी पुढची दहा पानं उलटून दाखवली. वर्तणूक सगळ्यांचीच चांगली. दाखले मीच लिहायचो.