खोकला नाही, तरी हृदयाचा टीबी?

ऐरोलीकर: आई ५८ वर्षांची, दीड महिना रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलंय आणि आता जिना चढताना दम लागतो, पायावर सूज. काल टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाभोवती पाणी निघालं, डॉक्टर म्हणाले टीबी असू शकतो. पण खोकला अजिबात नाहीये, मग टीबी कसा? कुणाला अनुभव आहे का, फार घाबरलोय

कळव्याची ताई: माझ्या बाबांना सेम झालं होतं. टीबीचे जंतू छातीतल्या गाठींमधून हृदयाच्या बाहेरच्या आवरणात पोचतात, म्हणून खोकला नसला तरी होतो. सुईने पाणी काढून तपासलं, एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ४० च्या वर आला पण जीनएक्स्पर्ट (टीबीचे जंतू शोधायची टेस्ट) निगेटिव्ह. आम्ही खूश झालो होतो, पण त्या पाण्यात जंतू फार कमी असतात त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही असं नसतं, सीटी स्कॅन वगैरे सगळं मिळून ठरवलं

वाशी७०३: आईला चक्कर, बीपी लो किंवा मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या तर थांबू नका, लगेच इमर्जन्सीत न्या, पाण्याचा दाब हृदयावर येतो. कोर्स साधारण ६ महिन्यांचा, गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका हं, आणि एको करत राहा कारण नंतर आवरण जाड, कडक होऊ शकतं

ऐरोलीकर: ताई, पाणी काढताना दुखतं का? उद्याच नेतोय

कळव्याची ताई: जागा बधिर करतात रे, बाबा नंतर लगेच चहा मागत होते